उजवी की डावी

देवाला दुसऱ्याचा प्रश्न विचारणं सोपं असतं. हरवलेला बैल सापडेल का, पोरीचं तिथं जमवावं का, विहीर कुठल्या अंगाला खणावी, असलं काहीबाही घेऊन लोक आमच्या भैरवनाथाकडे येत आणि मी, गावचा गुरव, त्यांच्या वतीनं कौल लावी. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या, एक देवाच्या उजव्या गालावर चिकटवायची, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालून गुमान उभं राहायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. वडील गेल्यावर ही सेवा माझ्याकडे आली तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटलं होतं, तरी कौल लावताना माझा हात कधी कापला नाही. प्रश्न माझा नसे, उत्तरही माझं नसे. मी आपला मधला माणूस. पण ज्या सकाळी मी माझाच प्रश्न घेऊन गाभाऱ्यात उभा राहिलो, त्या सकाळी पाकळी बोटाला जी चिकटली ती सुटेचना.

ते लढाईचे दिवस होते. आमचं गाव शेवगावच्या पलीकडे, गोदावरीच्या अंगाला. लढाई कुठं चालली होती ते आम्हाला नीट ठाऊक नव्हतं. पण साखर मिळेनाशी झाली होती, रॉकेल मोजून मिळत होतं आणि शेवगावहून नगरला जाणारी मोटार पेट्रोलाऐवजी कोळशावर चालायला लागली होती. तिच्या पाठीला एक भलामोठा बंब बसवलेला असे. चढ आला की ती धापा टाकी आणि उतारू खाली उतरून तिला ढकलत. आम्ही तरणी मंडळी त्या मोटारीची फार टिंगल करायचो. त्या मोटारीवर आपल्या घरातलं कुणाचं जगणं-मरणं येऊन ठेपेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

माझी बायको सगुणा. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हापासून तिचं नि माझं एका गोष्टीवरून सारखं वाजे. मी देवाला फार विचारतो असं तिचं म्हणणं, आणि ती मुळीच विचारत नाही असं माझं. सकाळी मी घरोघर बेल पोचवायला जाई, ती पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत ओसरीवर बसे. आमचं पहिलं मूल बाळंतपणातच गेलं होतं. मुलगा होता. सुईणीनं त्याला पदराखालून नेलं, मला तोंडसुद्धा दाखवलं नाही. त्यानंतर सगुणा कितीतरी दिवस काही बोलत नव्हती. नुसती पत्रावळी लावी, आमच्या गावात एवढी लग्नं नव्हती तेवढ्या पत्रावळी तिनं त्या वर्षी लावून ठेवल्या. मग पुन्हा दिवस गेले आणि तिच्या तोंडाला बोल फुटला. तिला डोहाळे लागले ते देवळातल्या धुपाटण्यातली राख खाण्याचे. मी अंगाऱ्याची पुडी करून आणी आणि ती चाटूनपुसून खाई. "तुमच्या देवाची चव बरी हाय," म्हणे. आई हे ऐकून कानांवर हात ठेवी.

नववा लागला तशी सुईण येऊन पोट चाचपून गेली आणि जाताना आईला परसात घेऊन काहीतरी कुजबुजली. मूल आडवं होतं. पहिलंही आडवंच होतं, हे तेव्हा मला कळलं. शेवगावच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनीही तेच सांगितलं, आणि सरळ नगरच्या मिशनच्या दवाखान्यात न्या म्हणाले. मी हो म्हटलं आणि घरी आलो. घरी येईपर्यंत माझं हो निम्मं झालं होतं. त्या कोळशाच्या मोटारीत, दणके खात, वाटेत कुठं बंद पडली तर? आईचं म्हणणं, घरचा उंबरठा सोडून बाईनं बाळंत होऊ नये, आणि सुईणीनं आपल्या हातांनी अर्धं गाव जन्माला घातलंय. सुईण मात्र नुसती आपल्या हातांकडे बघत होती. सगुणेला विचारलं तर ती म्हणाली, "तुमी म्हनाल तसं." एरवी माझं कधी काही न ऐकणारी बाई ऐन वेळी असं म्हणाली आणि सगळा भार माझ्यावर येऊन पडला.

म्हणून मी कौल लावायचं ठरवलं. उजवी पडली तर नगरला न्यायचं, डावी पडली तर घरीच. सकाळची पूजा आटोपली, देवळात कुणी नव्हतं. भैरवनाथाचा मुखवटा शेंदराचा. पिढ्यान् पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर चढत जाऊन तो चांगला टोपल्याएवढा झाला होता. खाली मूळ दगडाचा देव कसा आहे हे माझ्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं. आता गुरवाच्या हाताला एक गोष्ट ठाऊक असते. शेंदूर कुठं ओला आहे, कुठं सुका आहे, पाकळी कुठं धरते आणि कुठं निसटते. दुसऱ्याच्या कौलाला त्याचा विचार मनात येत नसे. आज मात्र हात आपोआप उजवीकडे सैल आणि डावीकडे घट्ट व्हायला लागला. माझ्या ते लक्षात आलं आणि मी दचकलो. मग डावी सैल लावली, तर वाटलं, आता आईच्या बाजूनं झुकलो. शेवटी दोन्ही पाकळ्या सारख्या लागाव्यात, कुठल्याच बाजूला माप झुकू नये, म्हणून मी दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही गाल एकदम दाबले. चांगले जोर लावून दाबले. कुणी कधी असा कौल लावला नसेल.

गाऱ्हाणं घातलं आणि उभा राहिलो. पाकळ्या हलेनात. बाहेर ऊन चढलं, पारव्यांचं घुमणं थांबलं, माझे पाय वळायला लागले. मी मनात म्हणत होतो, बाबा, काहीतरी एक सांग, कुठलंही सांग. आणि मग आतून कट् असा आवाज आला आणि देवाचा सगळा मुखवटा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एकसंध सुटून पुढं आला. मी हात पुढं केले नसते तर तो जमिनीवर पडून फुटला असता. मी देवाचं तोंड हातात धरून उभा राहिलो. दोन्ही पाकळ्या होत्या तिथंच होत्या, गालांना चिकटून. समोर, जिथून शेंदूर सुटला होता तिथं, दगडाचा एक लहानसा गुळगुळीत चेहरा माझ्याकडे बघत होता. मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू, मी मोठ्यानं रडलो.

गाव जमायला वेळ लागला नाही. देवानं कवच टाकलं ही गोष्ट तिथल्या एकाही माणसाच्या हयातीत घडली नव्हती, त्यामुळे ज्याला त्याला त्याचा अर्थ माहीत होता. कुणी म्हणालं गावावर संकट आहे, कुणी म्हणालं लढाई संपणार, कुणी म्हणालं पाऊसपाणी बक्कळ होणार. सुईण तोंडाला पदर लावून बाजूला उभी होती. मी पाटलांना कौलाचं सांगितलं, अंगठ्यांनी दाबलं तेही सांगितलं. पाटील सबुरीचे गृहस्थ होते. त्यांनी मुखवट्याकडे पाहिलं, माझ्या अंगठ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुरवा, तुज्या आंगठ्यात येवढा जोर असता तर तू तालमीत नसता का दिसला? त्याला टाकायचं हुतं, त्यानं टाकलं. आता गंगेला पोचीव."

रीत तशी होती. सुटलेलं कवच गोदावरीत सोडायचं, गुरवानंच सोडायचं, आणि तोवर ते भुईला टेकू द्यायचं नाही. म्हणजे मला दुसऱ्या दिवशी निघायला हवं होतं. नगरला जाऊ की घरी राहू असं मी विचारलं होतं, आणि देवानं मला तिसरीकडेच धाडलं होतं. उत्तर म्हणावं तर उत्तर नव्हतं, नाही म्हणावं तर एवढी मोठी खूण कुणाला मिळते? मी घरी येऊन सगुणेला सगळं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. ती हसायला लागली, पोट धरून हसली. "येवढा दाबलात व्हय त्याला? कटाळला असंल त्यो," म्हणाली. आणि हसणं थांबल्यावर म्हणाली, "मीबी येनार गंगंला."

आईनं आकांत केला. पोटुशी बाई शीव ओलांडत नाही, नदीवर जात नाही, आणि अशा दिवसांत तर नाहीच. सगुणा शांतपणे ऐकत होती. "आत्याबाई," ती म्हणाली, "देव गावात न्हाई, ह्ये घरात न्हाईत, सुईनबाई माज्याकडं बघत न्हाई. मी कुनाच्या भरवशावर ऱ्हाऊ? व्हायचं त्ये ह्यांच्यासमूर हुंद्या." तिला बरोबर न्यावं हा शहाणपणा होता की वेडेपणा, हे मला तेव्हा कळलं नाही; नाही म्हणायची ताकद नव्हती म्हणून मी हो म्हटलं.

पाटलांनी गाडी दिली आणि गाडीवान म्हणून शेखूचाचा आले. ते गावचे मुलाणी. बलुतं घेणारे आम्ही दोघंही, त्यामुळे ऊठबस एकाच ओट्यावरची. चाचांनी गाडीत कडब्याचा जाड थर घातला, वर वाकळ घातली आणि बैलांना असं चालवलं की बैलांनाच नवल वाटलं असेल. मी नव्या पंच्यात गुंडाळलेला मुखवटा मांडीवर घेऊन बसलो होतो, सगुणा पाठीशी उशी घेऊन आडवी. शेतांत ज्वारी निसवली होती, हवा गार होती. मी घडीघडी पंचा उचकटून पाकळ्या बघत होतो. अजून मला वाटत होतं, एखादी पडेल. पडली तर अजून बैल वळवता येतील. दोन्ही हटून बसल्या होत्या. "गुरवा," चाचा पुढून म्हणाले, "देवाला झोप तर घिऊ दे." मी पंचा झाकला आणि थोड्या वेळानं पुन्हा उचकटला.

दिवस कलला तेव्हा उताराच्या घाटावर पोचलो. नदी हिवाळ्यातली, पण पात्र भरून वाहत होती. पलीकडे निजामाचं राज्य. तिकडच्या नाक्यावर आदल्या दिवशी काही कुरबूर झाली होती आणि नाव पलीकडच्या काठालाच अडकून पडली होती. अलीकडे नावाड्याचं खोपट, त्यात त्याची बायको, आणि खोपटासमोर पत्र्याच्या पेटीवर बसलेली एक मध्यम वयाची बाई. पांढरं लुगडं, पायात वहाणा. कालपासून नावेची वाट बघत बसली होती आणि तिचा रागाचा पारा चांगलाच चढलेला होता. नाताळच्या सणाला भावाकडे निघाली होती, भाऊ पलीकडच्या गावात. ती नगरच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती.

हे तिनं सांगितलं तेव्हा मी मुखवटा मांडीवर घेऊन गाडीतच बसलेलो होतो. माझ्या डोक्यात काही शिरेना. सगुणा मात्र गाडीतून उतरली आणि सरळ तिच्यापाशी जाऊन म्हणाली, "बाई, माजं आडवं हाय म्हंत्यात." नर्सबाईंनी तिला खोपटात नेलं. बाहेर आल्या त्या माझ्यावर उखडल्या. "एवढं आडवं मूल, आधीचं एक गेलेलं, आणि तुम्ही तिला नगरला आणायचं सोडून इथं नदीवर आणता?" मी काय सांगणार? मी खाली मान घालून कौलाची सगळी हकीकत सांगितली, पाकळ्याही दाखवल्या. मला वाटलं, शिकलेली बाई, ख्रिस्ती, आता हसेल किंवा चिडेल. त्यांनी वाकून त्या शेंदराच्या तोंडाकडे पाहिलं. "आम्हीही विचारतो," म्हणाल्या. "आमच्याकडे पाकळ्या नसतात, एवढंच." मग आवाज कडक करून म्हणाल्या, की उद्या सकाळी तुमचं काय ते विसर्जन उरका आणि गाडी तडक शेवगावला घ्या, तिथून मोटारीनं नगर. मी बरं म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणीतरी अमुकच कर असं सांगितलं होतं, त्यानंच निम्मा जीव हलका झाला.

मुखवटा भुईवर ठेवायचा नव्हता, आणि झोपेत मांडीवरून घसरला तर अनर्थ. चाचांनी तोड काढली. बाभळीच्या फांदीला पंच्याची झोळी बांधली आणि देवाला तिच्यात निजवलं. सगुणेनं ते पाहिलं. "बघा," म्हणाली, "आधी तुमच्या देवाचाच पाळना." चाचा हसले, मीही हसलो, पण ती झोळी वाऱ्यानं हलताना मला आमचा तो पदराखालून गेलेला मुलगा आठवला आणि मी तोंड फिरवलं.

सकाळी स्नान करून मी पाण्यात शिरलो. पाणी कमरेला लागलं तिथं थांबलो, पंचा सोडून खांद्यावर टाकला. पाकळ्या तपकिरी पडल्या होत्या पण चिकटलेल्या होत्या. गाऱ्हाण्याचे शब्द मला वडिलांनी शिकवलेले पाठ होते. ते म्हणायला लागलो आणि मध्येच थांबलो, कारण मला वाटलं, आता शेवटचं विचारून घ्यावं. पाण्याला टेकवलं की पाकळ्या सुटणारच. जी आधी सुटेल ते उत्तर. मग शंका राहणार नाही. मी मुखवटा अलगद पाण्यावर धरला. पाणी शेंदराच्या हनुवटीला लागलं, गालांकडे चढायला लागलं. मी डोळे फाडून बघत होतो.

तेवढ्यात काठावरून चाचांची हाक आली. "गुरवा! सोड त्ये! पोरीला कळा सुरू झाल्या!" मी तसाच उभा. अजून एक क्षण, असं वाटलं. देव हातात होता, त्याचं उत्तर पाण्याच्या एका लाटेवर होतं आणि त्याच्यासाठी मी किती दिवस तळमळलो होतो. मग सगुणेची किंकाळी आली. ती कधी ओरडत नसे. पहिल्या वेळीही ओरडली नव्हती. माझे हात सुटले. मी सोडले असं म्हणवत नाही, ते सुटले. गाऱ्हाणं अर्धंच राहिलं. मी वळलो आणि पाणी तुडवत काठाकडे धावलो, आणि मागं देव पाण्यात गेल्याचा आवाज झाला तेवढा मी ऐकला.

खोपटाबाहेर मी आणि चाचा बसलो. माझं धोतर निथळत होतं, दात वाजत होते. चाचांनी घोंगडी माझ्यावर टाकली आणि हातात तसबी घेऊन मणी ओढायला लागले. आतून आवाज येत होते. नर्सबाई मोठ्यानं हुकूम सोडत होत्या, मध्येच हलक्या आवाजात त्यांच्या प्रभूला हाक मारत होत्या. नावाड्याची बायको गंगामाईला साकडं घालत होती. सगुणा आई गं म्हणत होती. कुठल्या आईला म्हणत होती देव जाणे. ज्याला त्याला हाक मारायला कुणीतरी होतं. मी गुरव, जन्मभर देवापुढं उभा राहिलेला माणूस, आणि माझ्या तोंडातून नाव फुटेना. आमच्या भैरवनाथाचं तोंड मी आत्ताच पाण्यात सोडलं होतं. गावात राहिलेला तो दगडी चेहरा अजून माझ्या ओळखीचा नव्हता. मी कुणाला हाक मारणार? येशूला हाक मारू? त्यांना मी कोण? गंगामाईला हाक मारावी, तर तिच्या पाण्यातून अर्ध्या गाऱ्हाण्यावर उठून आलेलो. इतका गोंधळलेला मी आयुष्यात कधी नव्हतो. शेवटी डोकं गुडघ्यांत घातलं आणि मनात म्हणालो, जो कोणी ऐकत असशील त्याला सांगतो, मला आता काही विचारायचं नाही. ती तुझ्या हवाली. माझ्याच्यानं आता धरवत नाही.

नर्सबाईंनी आत काय केलं, मूल कसं वळवलं, ते मला आजही नीट ठाऊक नाही. सगुणा सांगते की त्यांनी पोटावर दोन्ही हात ठेवून कळांच्या मधल्या वेळात थोडंथोडं सरकवलं, आणि सरकवताना त्या सारख्या तिच्याशी बोलत होत्या, त्यांच्या भावाच्या गावच्या बोरांबद्दल. मला एवढंच आठवतं की एकदा आत सगळे आवाज थांबले. नर्सबाईही गप्प झाल्या. चाचांचा मणी बोटांत थांबला. मला पत्रावळी लावणारी मुकी सगुणा डोळ्यांपुढं दिसली आणि वाटलं, पुन्हा तेच. आणि मग रडणं आलं. आधी मांजराच्या पिलासारखं, मग चांगलं खणखणीत. चाचांनी माझी मान आपल्या छातीशी धरली आणि तेच माझ्याआधी रडायला लागले.

मुलगी झाली होती. नर्सबाईंनी तिला पुसून, नावाड्याच्या बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून बाहेर आणलं. लालसर, लहानसा, गुळगुळीत चेहरा. असा चेहरा मी परवाच पाहिला होता, हे मला तिथं उभ्याउभ्या आठवलं. सगुणा धडधाकट होती, तिनं आतून हाक मारून विचारलं, "देव सोडलात का नीट?" मी म्हटलं, सोडला. नीट सोडला का, ते सांगितलं नाही.

दुपारी पलीकडून नाव आली. नाक्यावरची कुरबूर मिटली होती म्हणे. नर्सबाई पेटी उचलून निघाल्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी माझे खांदे धरले. "माझ्या नाही," म्हणाल्या. मग कुणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नावेत पाय ठेवताना मात्र मागं वळून म्हणाल्या, "ही नाव वेळेवर आली असती, तर मी परवाच भावाकडे पोचले असते. दोन दिवस नावाड्याला शिव्या घातल्या मी." आणि त्या पहिल्यांदाच मनापासून हसल्या. पुढं त्यांची माझी भेट नाही.

गावात परतलो तेव्हा आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं आधी सुनेला ओवाळलं, मग नातीला, आणि मला ओवाळायचं विसरलीच. घरात सोयर, त्यामुळे ते फिटेपर्यंत मला देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. शेजारच्या गावचा गुरव येऊन दिवा लावून जाई. नवा शेंदूर चढवायचा तो आमच्याच हातानं, म्हणून देव तेवढे दिवस उघड्या तोंडानंच राहिला. सोयर फिटल्यावर शेंदूर कालवायच्या आधी मी सगुणेला आणि पोरीला दर्शनाला नेलं. तिला म्हटलं, बघून घे, पुन्हा हा चेहरा आपल्या नातवंडांनाही दिसायचा नाही. ती पोरीला खांद्यावर घेऊन बराच वेळ बघत राहिली. "केवढंसं तोंड हाय ओ ह्याचं," म्हणाली. "आन् आपन त्याला केवढे केवढे सवाल घालतो."

पोरीचं नाव गोदा ठेवलं. तिचीही लेकरं आता मोठी झाली आहेत. मी अजून कौल लावतो, लोकांचे. त्यांचे प्रश्न त्यांना भारी असतात, हे मला आता ठाऊक आहे, म्हणून पाकळी लावताना माझा हात आता थोडा कापतो. स्वतःसाठी मी पुन्हा कधी लावला नाही. लोक कधी विचारतात, त्या दिवशी देवानं तुम्हाला काय उत्तर दिलं? नगर नाही, घर नाही, आणि नगरची बाई नदीवर बसलेली; याला कौल म्हणावं की योगायोग, की माझ्या अंगठ्यांचा जोर, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही धड कळत नाही. कळत नाही म्हणून मी आता झुरत मात्र नाही. त्या सकाळी पाण्यात पाकळ्या सुटल्या असतीलच. उजवी आधी सुटली की डावी, ते मी पाहिलं नाही. माझी पाठ होती. सगुणेनं हाक मारली होती आणि मी तिच्याकडे धावत होतो.